पांढरं सात सीटर लढाऊ जहाज

माणूस आकाशात कितीही उंच जावो, जाण्याआधी त्याला एक फॉर्म भरावा लागतो आणि त्या फॉर्मच्या तिसऱ्या रकान्यात 'पूर्ण नाव' असतं. गुरुत्वाकर्षण पृथ्वी सोडली की सुटतं. हा रकाना सुटत नाही.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी बेसा येथील 'गगनविहार फेज दोन' या गृहसंकुलाच्या अंतराळ क्रीडा मंडळाने लढाऊ जहाज कसं निवडलं ते वाचावं. इतकी सखोल आणि निष्पक्ष निवड आजवर पृथ्वीवर झालेली नाही. अंतराळात तर तोवर समित्याच पोचल्या नव्हत्या.

'सेव्हन्थ ऑर्बिट' नावाचा एक गेम आहे. कॉम्प्युटरवर खेळतात. त्यात अंतराळ असतं, ते काळं असतं (हा तपशील समितीच्या नजरेतून सुटला), आणि त्यात लोक जहाजं घेऊन एकमेकांना पाडतात. सात-सात जणांचा एक स्क्वाड. या गेममध्ये एक मोठी त्रुटी आहे. खेळणारा स्वतःला वाटेल ते नाव घेऊ शकतो. कुणी 'वाघ', कुणी 'इडली', कुणी नुसताच एक आकडा. चेहरा दिसत नाही, गाव कळत नाही, वडील काय करतात ते कळत नाही. समोरचा नेम कसा मारतो एवढंच कळतं. इतक्या तुटपुंज्या माहितीवर लोक वर्ष वर्ष एकमेकांशी दोस्ती करतात, हे वाचून कोणाही संस्कारी माणसाला काळजी वाटेल.

गगनविहारच्या मंडळाला गेल्या वर्षी एक गडी कमी पडत होता. त्यांनी गेममध्ये जाहिरात दिली, 'चांगला पायलट पाहिजे. बाकी काही अट नाही.' त्या जाहिरातीला 'धूमकेतू' नावाच्या खेळाडूने उत्तर दिलं.

धूमकेतूचं खरं नाव प्रशिक. राहायला वाडीला, अमरावती रोडच्या आतल्या अंगाला भाड्याच्या दोन खोल्यांत, वडील देवाजींसोबत. काम ट्रान्सपोर्टच्या गोदामात, खोक्यांवरचे पत्ते स्कॅन करायचं. दिवसाला बाराशे माणसं आडनावासकट त्याच्या हाताखालून जायची, त्यामुळे संध्याकाळी त्याला बिनआडनावाच्या जगात बरं वाटायचं. लॅपटॉप जुना होता. दोन लढाया झाल्या की तवा व्हायचा. उन्हाळ्यात घरचा कूलर लॅपटॉपच्या पाठीमागे लावलेला असायचा आणि देवाजी वर्तमानपत्राने वारा घेत बसलेले असायचे. यंत्र तापलं की मरतं आणि ते तापू द्यायचं नसतं, एवढं विज्ञान प्रशिक याच लॅपटॉपवर शिकला. पुढे बेशातल्या एकाही माणसाला ते ठाऊक निघालं नाही.

अकरा महिन्यांत धूमकेतूने मंडळाच्या गोलू नावाच्या खेळाडूचा जीव तीनशे बारा वेळा वाचवला. (गोलूच्या मते नऊ वेळा.) गोलू हा मंडळाचे अध्यक्ष रुपराव यांचा पुतण्या. रुपराव वाहन नोंदणीच्या खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. अंतराळातही ते आधी जहाज नीट सरळ रेषेत उभं करायचे आणि मगच लढायला निघायचे. त्यामुळे बहुधा उभ्या जागीच मरायचे.

विदर्भ पातळीच्या उपान्त्य सामन्यात मंडळाचे सहा जण पहिल्या दोन मिनिटांत पडले. सातवा धूमकेतू. सगळ्यांना फुकट मिळतं तसलं डबडं जहाज घेऊन त्याने एकट्याने समोरच्या उरलेल्या चारही जणांना पाडलं. गोलू हेडफोनमध्ये रडला. म्हणाला, "भाई, तू माणूस नाई, देव हायेस. फायनलमध्ये आपलं जहाज तूच उडवशीन."

फायनलचा नियम असा होता की दोन्ही स्क्वाडनी पाच लढाऊ जहाजांतून एकेक निवडायचं आणि जहाज विरुद्ध जहाज लढायचं. जिंकणाऱ्या जहाजाच्या पायलटचं नाव गेममधल्या एका ताऱ्याला कायमचं दिलं जाणार होतं. त्यासाठी फॉर्म नव्हता. गेममध्ये जे नाव, तेच ताऱ्याचं.

प्रशिकला तो तारा पाहिजे होता. धूमकेतू नावाचा तारा. बाकी त्याला या जगात फारसं काही मागायचं नव्हतं. त्याने देवाजींना तसं सांगितलंही. देवाजींनी विचारलं, रात्री गच्चीवरून दिसन का? प्रशिक म्हणाला, गच्चीवरून नाई, लॅपटॉपवरून. देवाजी म्हणाले, चालते.

जहाज निवडीसाठी शनिवारी सकाळी अकरा वाजता गगनविहारच्या क्लबहाऊसमध्ये बैठक ठेवली होती. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच सगळे एकमेकांची तोंडं बघणार होते. ही चूक कोणाच्या डोक्यातून निघाली याचा उल्लेख इतिवृत्तात नाही.

प्रशिक इस्त्रीचा शर्ट घालून गाडीवर बेशाला गेला. गेटवरच्या वॉचमनने विचारलं, पार्सल कोणत्या फ्लॅटचं. प्रशिक म्हणाला, पार्सल नाही, मी पायलट आहे. वॉचमनने रजिस्टरमध्ये 'कामाचं स्वरूप' या रकान्यात 'पायलट' असं लिहून घेतलं आणि त्याला सर्व्हिस लिफ्ट दाखवली.

क्लबहाऊसमध्ये मात्र स्वागत झोकात झालं. गोलूने मिठी मारली. शोभाताईंनी ओवाळलं. मंडळातली पूजाअर्चा, रंगसंगती आणि अंतराळातली ढाल ही तिन्ही खाती त्यांच्याकडे होती. मिनल नावाच्या सभासद खासगी कॉलेजात समाजशास्त्र शिकवायच्या. त्या म्हणाल्या की आवाजावरून तुम्ही उंच असाल असं वाटलं होतं. चिनी मातीच्या कपात चहा आला. रुपरावांनी स्वतः खुर्ची पुढे ओढून दिली आणि खुर्चीसोबत फॉर्मही दिला.

प्रशिकने तिसऱ्या रकान्यात लिहिलं, 'प्रशिक देवाजी'. पेन ठेवून दिलं.

रुपरावांनी फॉर्म उलटून पाहिला. पाठीमागे काही लिहिलेलं नव्हतं.

"पुढं?" त्यांनी विचारलं.

"एवढंच काका."

"अरे पन पूर्ण नाव पाह्यजे ना गा. प्रशिक देवाजी म्हंजे अर्धंच झालं."

"बापाचं टाकलं ना. जहाजाले पुरते तेवढं."

प्रशिकला लपवायचं काहीच नव्हतं. दहावीत असताना त्याने एक गोष्ट मनाशी ठरवली होती, की जो सरळ विचारेल त्याला सरळ सांगायचं. त्याला आता दहा वर्षं झाली होती. सरळ विचारणारा अजून भेटलेला नव्हता.

यापुढचा अर्धा तास समितीच्या सभ्यतेचा उत्तम नमुना मानावा लागेल. समितीने प्रशिकला एकूण चौदा प्रश्न विचारले आणि त्यातल्या एकाही प्रश्नात आक्षेपार्ह शब्द नव्हता. मूळ गाव कोणतं. गावात घर कोणत्या अंगाला, वरच्या की खालच्या. आजोबा काय करायचे. (वंशपरंपरेने उड्डाणाचा अनुभव आहे का, हे पाहण्यासाठी.) घरात देव कोणते. तुमच्याकडची लग्नं सकाळी लागतात की संध्याकाळी. बारावीला टक्के किती होते आणि तरी ॲडमिशन कुठं मिळाली होती. 'प्रशिक' या शब्दाचा अर्थ काय, छान आहे हो, वेगळंच आहे. एप्रिलच्या मध्यात सुट्टी घेतोस का. (हा प्रश्न उष्माघाताच्या दृष्टीने होता.) प्रत्येक प्रश्नानंतर रुपराव मान हलवायचे आणि गोलूकडे बघायचे. गोलू मोबाइलमध्ये बघायचा.

बारावा प्रश्न शोभाताईंनी विचारला, तोही अगदी मायेने. "दसऱ्याले तुमच्याकडं पाहुणे लई येतात का रे बाबू?"

"आमच्याच घरी नाई ताई," प्रशिक म्हणाला. "पूर्ण नागपुरातच येतात."

यावर रुपरावांनी फॉर्मच्या तिसऱ्या रकान्याभोवती पेनाने गोल केला. तेरावा आणि चौदावा प्रश्न केवळ औपचारिकता म्हणून विचारण्यात आले.

मिनल म्हणाल्या की माझ्यापुरतं सांगायचं तर मी असलं काहीच मानत नाही. 'असलं' म्हणजे काय हे कुणी विचारलं नाही, कारण तोवर कुणीच काही बोललेलं नव्हतं. त्यांचं वाक्य इतिवृत्तात ठळक अक्षरांत घेण्यात आलं. चहाची दुसरी फेरी आली. सहा कप चिनी मातीचे होते आणि एक कागदाचा. (प्लास्टिक नव्हता. समिती पर्यावरणाबाबत जागरूक आहे.)

मग जहाजांकडे वळण्यात आलं. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर पाच जहाजं ओळीने उभी होती.

रुपरावांनी आयुष्यात चार वाहनं घेतली होती. चारही पांढरी, चारही विकताना बरा भाव आलेली. त्यामुळे अनुभवाचा प्रश्नच नव्हता. 'ब्रॅकन' जहाजाला दोन अजस्र तोफा होत्या. ते एव्हरेज देत नाही म्हणून बाद झालं. (गेममध्ये इंधन लागत नाही, असं प्रशिकने सांगितलं. रुपराव म्हणाले, आज लागत नाही.) 'ऑक्स'चं चिलखत सगळ्यांत जाड, पण त्याचं सर्व्हिस सेंटर जवळपास दिसलं नाही. 'माँक' लढता लढता स्वतःची दुरुस्ती करायचं. म्हणजे त्याला सारखी दुरुस्ती लागत असणार, हा निष्कर्ष सर्वानुमते निघाला.

प्रशिकने चौथ्या जहाजाकडे बोट दाखवलं. 'निडल'. एकच खुर्ची, कोळशासारखं काळं, हाताच्या पंजासारखं लहान, जागच्या जागी वळणारं. तो म्हणाला की याच्यात मी एकटा बसतो, तुम्ही सगळे मागून बघा, पाच मिनिटांत आणून देतो फायनल.

"पन हे तं दिसतच नाई," रुपराव म्हणाले. "दिसलं नाई तं लोकाइले कसं समजन का आपन जहाज घेतलं?"

"काका, दिसत नाई म्हनूनच तं मरत नाई."

रुपराव हसले. पोरसवदा बोलण्याला वडीलधारे हसतात तसे. मग ते उठून टीव्हीजवळ गेले आणि पाचव्या जहाजावर बोटाच्या पेराने टकटक केलं. "पत्रा मजबूत हाये," ते म्हणाले.

पाचवं जहाज 'बॅरन'. लांब, रुंद, पांढरंशुभ्र, सात सीटर. डिक्की एवढी की तिच्यात दुसरं जहाज मावेल. शोभाताईंना पडदे लावायला जागा दिसली. गोलूला पुढच्या काचेतून आपला चेहरा दिसला. ठराव क्रमांक चारनुसार 'सदर जहाज कुटुंबासाठी योग्य, रंगाने शुभ व पुढे विकायला सोपे' असल्याने लढाईसाठी निवडण्यात आलं. ठरावाच्या बाजूने सहा मतं पडली. प्रशिक मंडळाचा सभासद असला तरी फॉर्म अपूर्ण असल्याने त्याला मत नव्हतं.

राहिला खुर्च्यांचा प्रश्न. कॅप्टन आणि पायलट गोलू. त्याने आदल्याच आठवड्यात गेममधलं आपलं नाव बदलून घराण्याचं पूर्ण आडनाव घेतलं होतं. (ते इथे छापत नाही. ते ताऱ्यासाठी राखून ठेवलेलं होतं.) मार्गदर्शन रुपराव, संपर्क मिनल, ढाल शोभाताई, दोन तोफांवर गोलूचे दोन मित्र. त्यांची नावं द्यायची गरज नाही, कारण ऐन वेळी त्यांनीही काही केलं नाही.

उरली सात नंबरची खुर्ची. बॅरनची तोफ डागली की राख तयार होते. राख खाली टाकीत साठते, तापते, आणि दर वीस सेकंदांनी झडप उघडून बाहेर टाकावी लागते. सात नंबरच्या खुर्चीचं काम तेवढंच. राख बाहेर टाकायची.

"उडवनार मी होतो ना?" प्रशिकने गोलूला विचारलं. "तूच म्हनला होतास."

गोलू म्हणाला, तेव्हा मी इमोशनल होतो भाई.

"हे पाय," रुपराव म्हणाले, "तुह्या कौशल्याचा प्रश्नच नाई. प्रश्न समन्वयाचा हाये. अन् गोदामात काम करतोस ना तू, तुले या कामाची सवय असन. आमच्यातल्या कोनाले ते जमनार नाई."

प्रशिकने सांगितलं की ते काम स्पेसबार दाबून होतं. कीबोर्डवरचं सगळ्यांत मोठं बटण. ते सातही कीबोर्डांवर आहे, कोणीही दाबलं तरी झडप उघडते.

"असन," रुपराव म्हणाले. "पन खुर्ची ठरवून देल्ली हाये ना."

संध्याकाळी वाडीला परतल्यावर देवाजींनी विचारलं, काय झालं. प्रशिक म्हणाला, जहाज मिळालं, मोठं आहे.

"अन् तुले काय काम देल्लं?"

"कचरा टाकाचं."

"कुठं?"

"अंतराळात."

देवाजींनी वर्तमानपत्राने वारा घेणं थांबवलं. 

"म्हंजे तिथंई नेलं त्याइनं," ते म्हणाले. आणि पुन्हा वारा घेऊ लागले. थोड्या वेळाने विचारलं, "जाशीन?"

प्रशिक म्हणाला, जाईन. त्याचा हिशोब सरळ होता. गोलूला अंतराळात डावं-उजवं कळत नाही. एका मिनिटात जहाज गोत्यात येईल, दुसऱ्या मिनिटाला ते सुकाणू आपल्या हाती देतील. मरायची वेळ आली की माणूस आडनाव विचारत नाही, असं त्याला वाटायचं. तो शिकलेला कमी होता.

फायनल रविवारी दुपारी सीताबर्डीला, व्हरायटी चौकाजवळच्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होती. एका बाजूला सात कॉम्प्युटर गगनविहारचे, दुसऱ्या बाजूला समोरच्या स्क्वाडचे. तो स्क्वाड चंद्रपूरचा होता. त्यांच्याकडून एकच मुलगी खेळणार होती. तिने 'निडल' निवडलं होतं आणि गेममधलं तिचं नाव होतं 'मिरचीकांडप'. तिचे सहा साथीदार मागे बाकावर बसून समोसे खात होते. हे पाहून रुपरावांनी समितीच्या वतीने खेद व्यक्त केला. एवढ्या मोठ्या सामन्याला आणि एक सीटर?

सामन्याआधी शोभाताईंनी बॅरनची रीतसर पूजा केली. मॉनिटरला हळद-कुंकू वाहिलं. सीपीयूला लिंबू-मिरची बांधली. जहाजाला चाकं नसल्यामुळे लिंबू कशाखाली ठेवायचं यावर थोडी चर्चा झाली आणि शेवटी ते माउसखाली ठेवण्यात आलं. (त्यामुळे गोलूचं जहाज पहिले चाळीस सेकंद नुसतं डावीकडे फिरत होतं. लिंबू काढल्यावर सरळ झालं.) नारळ आयोजकांनी फोडू दिला नाही. गगनविहारने त्याचा लेखी निषेध नोंदवला.

सामना सुरू झाला.

काळ्या अंतराळात पांढरं बॅरन नव्या नवरदेवासारखं उठून दिसत होतं. निडल कुठेच दिसत नव्हतं. गोलू दिसेल त्या अंधारावर तोफा डागायला सांगायचा आणि मित्र डागायचे. प्रत्येक गोळ्यामागे खाली टाकीत राख पडायची. प्रशिक दर वीस सेकंदांनी स्पेसबार दाबायचा, झडप उघडायची, राख जायची, जहाज थंड व्हायचं. त्याने काम चोख केलं. एकदाही सेकंद चुकला नाही. जहाजात ज्याला आपलं काम येतं असा तो एकटाच होता आणि त्याच्याकडे पाठ करून सहा जण बसले होते.

दुसऱ्या मिनिटाला त्याला निडल दिसलं. दिसलं म्हणजे एक तारा क्षणभर विझला आणि पुन्हा लागला. मध्ये काहीतरी काळं येऊन गेलं. हे फक्त काळ्या जहाजाची सवय असलेल्या माणसाला कळतं.

"गोलू, ते खालून येऊन राहिलं," तो म्हणाला. "ग्रहाच्या सावलीत घे, डावीकडं. नाई तं मले दे, मी घेतो."

गोलूने मान वळवली नाही.

"सात नंबरनं बोलाचं नाई," तो म्हणाला. "आपलं काम करावं गपगुमान."

मायक्रोफोन चालू होता. ते सगळ्यांना ऐकू गेलं. चंद्रपूरच्या बाकावर एकाचा समोसा हातातच राहिला.

प्रशिकने कीबोर्डवरून दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले. एवढंच. तो उठला नाही, ओरडला नाही, खुर्ची ढकलली नाही. पुढचा सगळा वेळ तो ताठ बसून होता. आयोजकांनी काढलेल्या फोटोत तो पायलटसारखा दिसतो.

वीस सेकंद गेले. चाळीस गेले. तोफा चालूच होत्या. जहाजाचा उष्णतेचा काटा चढायला लागला. सत्तेचाळीसवर आला तेव्हा रुपरावांनी तो पाहिला. म्हणाले, एवढं तं मे महिन्यात आपल्या गच्चीवर असते, चालते. नागपूरच्या माणसाला उकाड्याची भीती घालता येत नाही. साठला शोभाताईंनी पदर हलवला. सत्तरला सातही मॉनिटरवर लाल अक्षरं उमटली, 'राखेची झडप उघडा. स्पेसबार दाबा.' कुणीही, कोणत्याही खुर्चीवरून.

"अबे दाब ना ते!" गोलू म्हणाला.

"तुह्याही कीबोर्डवर हाये," प्रशिक म्हणाला.

"मी कॅप्टन हावो."

हे खरं होतं. कॅप्टन होता. त्याचा अंगठा स्पेसबारपासून दोन बोटांवर होता. तिथून तो हलला नाही. ऐंशी. रुपरावांनी नियम सांगितला की ज्याची खुर्ची त्याचं काम, अन्यथा घडी विस्कटेल. घडी म्हणजे कसली, हे जहाज जळत असताना विचारणं बरं दिसलं नसतं. शोभाताईंनी हात आखडून घेतले. त्यांनी नुकतीच पूजा केली होती. गोलूच्या दोन मित्रांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि जो आधी दाबेल तो आयुष्यभर चिडवला जाईल हे दोघांनाही एकदम कळलं.

नव्वदला सगळे मिनलकडे बघायला लागले.

"माझा काहीच आक्षेप नाही," मिनल म्हणाल्या. "मी तर मानतच नाही हे सगळं." त्यांनी बोट स्पेसबारवर नेलं. अगदी वर. तिथे धरलं. "पण मला सवय नाही हो. आणि आत्ता मी दाबलं तर ते दिखाऊ वाटेल. मुळात व्यवस्था बदलायला हवी."

व्यवस्था शंभरला पोचली.

बॅरन जहाज चार मिनिटं बावन्न सेकंदांनी फुटलं. डिक्कीसकट. पांढरं असल्यामुळे फुटताना फार सुंदर दिसलं. शत्रूने झाडलेल्या गोळ्या, शून्य. निडल सावलीत उभं राहून बघत होतं. गोळी वाया घालवायची त्याला गरजच पडली नाही. स्वतःच्या राखेत जळून मेलेलं ते त्या स्पर्धेतलं पहिलंच जहाज. त्या बाबतीत गगनविहारचा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

मंडळाने लगेच चौकशी समिती नेमली. अध्यक्ष रुपराव. अहवाल एकवीस पानांचा आहे. पराभवाचं कारण 'सात नंबरच्या खुर्चीचा असहकार' असं नोंदवलेलं आहे. जहाजाच्या निवडीत काहीही दोष आढळला नाही, रंगातही नाही. शिफारशी दोन. पुढच्या वर्षी राख आपोआप पडेल असं जहाज घ्यावं. तसं न मिळाल्यास सदर कामासाठी बाहेरचा माणूस ठेवावा, मात्र त्याला मायक्रोफोन देऊ नये. मिनल यांनी अहवालाला असहमतीची टीप जोडली आहे. टीप फार चांगली आहे. तिच्यात 'आपण सारे' हा शब्दप्रयोग अकरा वेळा आलेला आहे.

गेममध्ये आता 'मिरचीकांडप' नावाचा एक तारा आहे. लॅपटॉपवरून दिसतो. देवाजींनी पाहिला. म्हणाले, चांगलं हाये, पन तुहं नाव पाह्यजे होतं. प्रशिक म्हणाला, तेही येईल.

सामन्यानंतर आठवड्याने त्याला गेममध्ये एक निरोप आला होता. मिरचीकांडपचा. तिचा एक पायलट कमी झाला होता. तिने निवडीसाठी एकच प्रश्न विचारला, "डावीकडून येतोस का उजवीकडून?" प्रशिकने लिहिलं, "खालून." ती म्हणाली, मग ये.

आता एक खुलासा करून हा वृत्तान्त संपवतो. वरच्या मजकुरात एकाही माणसाचं आडनाव छापलेलं नाही. पाहिजे तर परत जाऊन तपासा. प्रशिक कोण, हे कुठेही लिहिलेलं नाही. गावातलं घर कोणत्या अंगाला आणि आजोबा काय करायचे, या प्रश्नांवरची त्याची उत्तरंही दिलेली नाहीत. तरी त्याला सात नंबरची खुर्ची मिळाली तेव्हा तुम्ही 'काहून?' असं विचारलं नाही. रुपरावांच्या समितीला ते कळायला बारा प्रश्न लागले. तुम्हाला त्याचं पहिलं नाव पुरलं.

रुपरावांनी प्रकृतीच्या कारणाने अध्यक्षपद सोडलं आहे. जागा रिकामी आहे. तुम्ही फॉर्म भरायची गरज नाही. तुमची मुलाखत आत्ताच झाली.